गस्तीत काय सापडलं?

१९३४ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या व्हीलर शिपयार्डने एका गिऱ्हाइकाला ३८ फूट लांबीची लाकडी मोटरबोट विकली. किंमत ७,४९५ डॉलर. गिऱ्हाईक नावाजलेलं होतं, पण खिसा तेवढा जड नव्हता. तेव्हा नव्यानेच निघालेल्या 'एस्क्वायर' मासिकाच्या संपादकाने पुढच्या लेखांच्या बोलीवर तीनेक हजार डॉलर आगाऊ दिले, त्यातून बयाणा गेला. बोट म्हणाल तर व्हीलरचं ठरलेलं मॉडेल, पैसेवाल्यांनी रविवारी बायकामुलांना घेऊन फिरायला जावं असं. गिऱ्हाइकाने मात्र आपल्याला हवे तसे फेरफार करून घेतले. अंग काळं रंगवलं. मागची फळी खाली घेऊन तिच्यावर लाकडी रूळ बसवला, म्हणजे शेकडो किलोंचा मार्लिन ओढून आत घेता यावा. इंजिनं दोन: लांब पल्ल्याला ७५ हॉर्सपॉवरचं क्रायस्लर, आणि गळ सोडून संथ चालायला ४० हॉर्सपॉवरचं लायकमिंग. नाव ठेवलं 'पिलार'. हे त्याच्या तेव्हाच्या बायकोचं, पॉलीनचं, दोघांतलं लाडकं नाव. पुढे तेच नाव त्याने स्पॅनिश यादवी युद्धावरच्या कादंबरीत एका दणकट बाईला दिलं.

गिऱ्हाईक म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे. मराठीत आपण त्याला पु. लं.च्या 'एका कोळियाने'मुळे ओळखतो. छोट्या होडीत एकटा बसलेला म्हातारा, गळाला लागलेला अवाढव्य मासा आणि परतीच्या वाटेवरचे शार्क. पण ज्या समुद्रात हा म्हातारा फिरतो, त्याच समुद्रात १९४२ आणि १९४३ मध्ये लेखक स्वतः याच 'पिलार'वर टॉमीगन आणि हातबॉम्ब घेऊन जर्मन पाणबुड्या शोधत हिंडत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. तिकडे सांगतात, पण बहुतेक वेळा हसत हसत.

हसण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. पण तेव्हा त्या समुद्रात काय चाललं होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर सगळाच प्रकार एका फुशारकीखोर लेखकाचा पोरखेळ वाटतो.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि जानेवारी १९४२ मध्ये जर्मनीच्या पाच मोठ्या पाणबुड्या अटलांटिक ओलांडून थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन ठेपल्या. किनाऱ्यावरची शहरं दिव्यांनी झगमगत होती. युद्ध दूर युरोपात होतं, त्यासाठी हॉटेलांच्या पाट्या कुणी विझवायच्या? त्या उजेडाच्या पडद्यापुढून तेलाचे टँकर काळ्या आकृत्यांसारखे सरकायचे आणि पाणबुडीवाले निवांत नेम धरायचे. फेब्रुवारीत हे लोण कॅरिबियन समुद्रात पोचलं. अरुबा बेटावरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसमोर टँकर पेटले. उन्हाळ्यापर्यंत मेक्सिकोच्या आखातात आणि क्युबाच्या आसपास जहाजं बुडणं रोजचंच झालं. अमेरिकन नौदलाकडे माणसं होती, पैसा होता, कारखाने होते. नव्हत्या त्या त्या घटकेला पाण्यावर उभ्या करायच्या बोटी. ज्या होत्या त्या पॅसिफिकमध्ये, नाहीतर ब्रिटनच्या ताफ्यांसोबत.

अशा वेळी यॉटवाले पुढे आले. 'क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिका' या हौशी नाविकांच्या क्लबाने आपल्या शिडाच्या यॉट माणसांसकट देऊ केल्या. नौदलाने आधी नाक मुरडलं. श्रीमंतांची खेळणी घेऊन काय करायचं? बुडणाऱ्या टँकरांची यादी वाढत गेली तसं नाक सरळ झालं, आणि मे १९४२ पासून या बोटी कोस्ट गार्डच्या हाताखाली घेण्यात आल्या. कागदोपत्री नाव 'कोस्टल पिकेट', वर्तमानपत्री नाव 'कोर्सेअर फ्लीट', आणि ज्यांनी त्यात काम केलं त्यांनी स्वतःच लाडाने उचललेलं नाव 'हूलिगन नेव्ही', म्हणजे मवाल्यांचं आरमार. पितळेच्या मुठी आणि वार्निश केलेलं लाकूड करड्या रंगाखाली गेलं, नाकाडावर सीजीआर अशी अक्षरं आणि नंबर आला. खलाशी कोण, तर वयामुळे, चष्म्यामुळे किंवा आणखी कशाने तरी लष्करात नापास झालेले. वकील, डॉक्टर, कॉलेजची पोरं. समुद्राचे पंधरा-पंधरा मैलांचे चौकोन आखलेले, प्रत्येक बोटीने आपल्या चौकोनात दिवसेंदिवस घिरट्या घालायच्या. काही दिसलं, ऐकू आलं, तर वायरलेसवर कळवायचं.

यात एक गंमत होती. शिडाची नौका जुनाट म्हणून नौदल हसलं, पण शिडावर चालणाऱ्या बोटीला इंजिनाचा आवाज नसतो. पाण्याखाली कान लावून बसलेल्या पाणबुडीला ती ऐकूच येत नाही. शिवाय तिला इंधन लागत नाही, त्यामुळे ती आठवडाभर बाहेर राहू शकते. मोटरबोटींचं उलटं होतं: वेग होता, पण आवाज होता आणि पेट्रोलची भूक होती. काही बोटींवर पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज बसवले. लहान, मंद बोटीने तो टाकला तर पाणबुडीचं काय होईल ते सांगता येत नाही, टाकणाऱ्याची मागची बाजू मात्र नक्की उडेल, असा विनोद तेव्हाच प्रचलित होता.

हे काम नुसती हौस नव्हतं. 'झैदा' नावाची यॉट डिसेंबर १९४२ च्या वादळात सापडली, शिडं फाटली, आणि नऊ माणसांसकट उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात तीन आठवडे भरकटत राहिली. विमानं आणि जहाजं तिला शोधत होती. दिसायची आणि पुन्हा हरवायची. शेवटी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ सगळे जिवंत सापडले. पाणबुडीचा संबंध शून्य. एका चौकोनात घिरट्या घालता घालता हे झालं.

खासगी बोटी अशा नौदलात भरती होणं नवं नव्हतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने एसपी अक्षरांच्या पुढे नंबर टाकून अशा कितीतरी मोटरबोटींची नोंद केली होती. त्याआधी ब्रिटनने हौशी मोटरबोटवाल्यांची राखीव तुकडी उभारली होती, आणि त्या बोटी अपुऱ्या पडल्यावर एल्को या अमेरिकन कंपनीकडून एकसारख्या ५५० गस्ती बोटी अवघ्या ४८८ दिवसांत बनवून घेतल्या. पण या सगळ्या वर्दीतल्या बोटी. नंबर होता, झेंडा होता, हजेरी होती. 'पिलार'चं तसं नव्हतं.

हेमिंग्वे तेव्हा हवानाजवळ राहायचा. अमेरिकेचा क्युबातला राजदूत स्प्रूइल ब्रेडन याला त्याने आपली योजना सांगितली आणि ब्रेडनला ती पटली. निदान ना म्हणावंसं वाटलं नाही. योजना अशी: जर्मन पाणबुड्या मासेमारीच्या होड्या अडवून ताजे मासे आणि पाणी घेतात, अशा बातम्या होत्या. 'पिलार'ने मासेमारीची बोट म्हणूनच फिरायचं. वाटल्यास एखाद्या वस्तुसंग्रहालयासाठी समुद्री जीव गोळा करतोय असा बहाणा करायचा. पाणबुडी वर येईल, हाक मारेल, जवळ बोलावेल. जवळ गेलं की टॉमीगनने डेकवरची माणसं टिपायची आणि पाणबुडीच्या उघड्या झाकणातून आत हातबॉम्ब टाकायचे. बॉम्ब टाकायला कोण? हवानात पेलोटा नावाचा बास्क लोकांचा भिंतीवर चेंडू मारायचा खेळ व्यावसायिक खेळाडू खेळत. त्यांचे हात ताकदवान आणि नेम पक्का. असे खेळाडू त्याने बोटीवर घेतले. सोबत विन्स्टन गेस्ट हा पोलो खेळणारा लक्षाधीश, स्पेनमधल्या युद्धातून परागंदा झालेले दोस्त, राजदूतावासाने दिलेला मरीन्सचा एक वायरलेसवाला, आणि स्वयंपाक व सुकाणू दोन्ही सांभाळणारा ग्रेगोरिओ फुएंतेस. या मोहिमेला त्याने आपल्या एका मांजराचं नाव दिलं, 'फ्रेंडलेस'.

आता हिशेब करू. पाण्यावर असताना जर्मन पाणबुडीचा वेग सतरा-अठरा नॉट. 'पिलार' नवी असताना, ओझं नसताना, फार तर सोळा. पाणबुडीच्या डेकवर ८८ किंवा १०५ मिलिमीटरची तोफ, जी मैलभरावरून लाकडी बोटीच्या काड्या करू शकते. पाणबुडीच्या कप्तानाने जवळ बोलावण्याऐवजी लांबूनच गोळा टाकायचं ठरवलं असतं, तर मराठीत आज हेमिंग्वेचं 'एका कोळियाने' नसतं. अमेरिकन नौदलाने याच सुमारास याच कल्पनेचं मोठं रूप करून पाहिलं होतं. 'अटिक' नावाच्या जहाजाला साध्या मालवाहू जहाजाचं सोंग देऊन आत तोफा लपवल्या. मार्च १९४२ च्या अखेरीस पहिल्याच फेरीत यू-१२३ या पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. 'अटिक'ने सोंग टाकून तोफा डागल्या, पाणबुडीवर एक जण मेलाही, पण शेवटी 'अटिक'वरची सगळी १४१ माणसं गेली. लपवलेल्या तोफांच्या जहाजाची ही गत, तर पेलोटावाल्यांची काय कथा.

आणि मला त्याहून मोठी वाटणारी अडचण वेगळीच आहे. मासेमारीची होडी सुरक्षित असते ती ती निरुपद्रवी आहे असं सगळे धरून चालतात म्हणून. एकदा एका होडीतून हातबॉम्ब निघाला की पुढच्या शंभर होड्यांकडे पाणबुडीवाला दुर्बिणीतून नव्हे, तोफेतून पाहणार. 'पिलार'चा डाव साधला असता तर त्याची किंमत क्युबाच्या खऱ्या कोळ्यांनी मोजली असती. हेमिंग्वेने त्यांच्यावर जीव लावला होता, आणि तरी ही गोष्ट त्याच्या मनात आली असावी असं त्याच्या योजनेवरून तरी दिसत नाही.

त्याच्या तेव्हाच्या बायकोला, मार्था गेलहॉर्नला, हा सगळा प्रकार साफ नापसंत होता. ती स्वतः पहिल्या प्रतीची युद्धवार्ताहर. तिचं म्हणणं असं की हे युद्ध नाही, दोस्तांबरोबर दारू पीत मासे मारायला रेशनच्या काळात सरकारी पेट्रोल मिळवण्याची युक्ती आहे. एफबीआयचा प्रमुख हूव्हर यालाही हेमिंग्वेच्या शहाणपणावर फारसा भरवसा नव्हता. नंतरच्या चरित्रकारांनी या दोघांचीच री कमीजास्त ओढली.

ही पेट्रोलची कुजबुज मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमचं बंदर आठवलं. कारण शब्द तेच होते, फक्त पेट्रोलच्या जागी डिझेल.

१९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि शस्त्रं उतरली, मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' नावाची गस्त सुरू झाली. खोल समुद्रात नौदल आणि तटरक्षक दल. आणि किनाऱ्यालगत, जिथे मोठं जहाज येऊ शकत नाही, तिथे भाड्याने घेतलेले मासेमारीचे ट्रॉलर. त्यांच्यावर नौदल, पोलीस आणि कस्टम्सची संयुक्त पथकं. माझ्या मामाचा आणि त्याच्या मेहुण्याचा भागीतला ट्रॉलर एक हंगाम असा गस्तीला गेला. मी तेव्हा नववीत होतो. युद्ध नव्हतं, पण आमच्या आळीत मामाच्या ट्रॉलरला आठवडाभर तरी विक्रांतचा मान होता.

मग मान ओसरला आणि चेष्टा सुरू झाली. जेट्टीवर बर्फ फोडणारी माणसंही विचारायची, "काय नाखवा, सापडला का कोण?" आणि थोडं मागे, ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, सरकारी डिझेलवर पापलेट किती मारलं याचा हिशेब. मामा कधी उत्तर देत नसे. मासे मारायची जाळी तर त्याने उतरवून मांडवात टांगली होती, ती सगळ्या गावाला दिसत होती. पण कुजबुजीला पुरावा लागत नाही. बंदरात रोजची कमाई टोपलीत मोजतात. पहाटे होडी लागली की किती टोपल्या उतरल्या हे दहा माणसं बघतात. मामाची होडी लागायची आणि तिच्यातून टोपली उतरायची नाही. उतरायची दोन-चार जागरणाने लाल डोळ्यांची माणसं.

कॉलेजात असताना मी एकदा त्याला विचारलं, "मामा, तुला दिसलं तरी काय रे तेव्हा?"

"काही नाही. सगळे आपलेच."

मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं, म्हणून मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो जरा सावरून बसला. म्हणाला, अंधारात लांबून होडी येताना दिसली की साहेब विचारायचे, कोण? इंजिनाच्या ठोक्यावरून सांगायचो, अमक्याची. दिवा कुठे टांगलाय त्यावरून सांगायचो, ती दाभोळची, ही मुरूडची. कधी कधी जवळ जाऊन कागद बघायचे, तर तीच निघायची. "ओळखीची नसलेली आली असती तर सांगितलं असतं. आलीच नाही. मग काय सांगू?"

या उत्तरात गस्तीचं सगळं शास्त्र आहे. नौदलाला भाड्याने हवा असतो तो ट्रॉलर नव्हे. ट्रॉलर काय, विकत घेता येतो. हवी असते ती 'सगळे आपलेच' म्हणू शकणारी नजर, म्हणजे आपलं कोण नाही हे तिला कळेल. हूलिगन नेव्हीच्या यॉटवाल्यांकडे ती होती: आपल्या चौकोनातलं पाणी, त्यावरचा प्रत्येक पक्षी, प्रत्येक ओंडका त्यांना ठाऊक होता. आणि ती हेमिंग्वेकडेही होती. क्युबाच्या उत्तर किनाऱ्यालगतची खारफुटीची बेटं, त्यांच्यामधल्या उथळ वाटा, कुठे प्रवाह ओढतो आणि कुठे वाळू साचते, हे त्याला आणि फुएंतेसला जितकं माहीत होतं तितकं कुठल्या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याला नसणार. त्याने ही नजर देऊ केली असती आणि एवढ्यावर थांबला असता, तर त्याला कुणी हसलं नसतं. पण तो एवढ्यावर थांबणारा गडी नव्हता. त्याला चकमक हवी होती.

चकमक आली नाही. डिसेंबर १९४२ मध्ये एकदा एका स्पॅनिश प्रवासी जहाजाजवळ पाणबुडी दिसल्याची त्याने नोंद केली. 'पिलार' तिच्या दिशेने निघाली, पण पाणबुडी वेग घेऊन निघून गेली. अंतर वाढत गेलं, बस्स. हातबॉम्ब टाकायच्या अंतरावर ते कधी पोचलेच नाहीत. १९४३ च्या उन्हाळ्यात कायो कॉन्फितेस या वाळूच्या एवढ्याशा बेटाजवळ तळ ठोकून ते आठवड्यामागून आठवडे फिरले. तेव्हा सोबत त्याची दोन मुलंही होती, एक पंधरा वर्षांचा आणि एक अकराचा. पाणबुडीवर बॉम्ब टाकायला निघालेल्या बोटीवर अकरा वर्षांचं पोर! यावरून गेलहॉर्नचं म्हणणं खरं ठरतं की काय, असं वाटू शकतं. मला वाटतं, त्या उन्हाळ्यापर्यंत आता काही घडणार नाही हे त्याला आतून कळून चुकलं होतं. तरी तो फिरत राहिला. माणूस असं का करतो हे मला मामाच्या लाल डोळ्यांमुळे थोडं समजतं.

आणि याच पाण्यात, याच महिन्यांत, एका लहान बोटीने खरंच पाणबुडी बुडवली. सीएस-१३ ही क्युबाच्या नौदलाची ८३ फुटी लाकडी गस्ती बोट, कप्तान मारिओ रामिरेस देल्गादो. १५ मे १९४३ रोजी ती दोन मालवाहू जहाजांना सोबत करत हवानाकडे चालली होती. एका अमेरिकन विमानाला पाण्यात पाणबुडी दिसली, त्याने वरून इशारा केला, सीएस-१३ वळली, सोनारवर आवाज पकडला, डेप्थ चार्ज टाकले. यू-१७६ बुडाली, आतल्या एकाही माणसासह वर आली नाही. ना सोंग, ना टॉमीगन, ना पेलोटा. सोनारवर कान देऊन बसलेला एक खलाशी आणि ठरवलेल्या खोलीवर फुटणारी पिंपं. क्युबाबाहेर रामिरेस देल्गादोचं नाव किती जणांना माहीत आहे? मोहिमा लक्षात राहतात त्या लिहिणाऱ्यांच्या; त्यांना काही सापडलं की नाही याने फरक पडत नाही.

गेलहॉर्नबद्दल एक गोष्ट मात्र तिला हसणाऱ्यांनीही आणि तिच्या बाजूने हसणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवी. १९४२ मध्ये ती स्वतः 'कोलियर्स' साप्ताहिकासाठी कॅरिबियन बेटांमध्ये पाणबुडी-युद्धाची बातमी शोधत हिंडली, आणि तीही बटाटे वाहणाऱ्या शिडाच्या एका क्षुल्लक होडीतून, वादळांच्या हंगामात. पाणबुडी तिलाही दिसली नाही. तिने त्यावर पुढे मजेदार निबंध लिहिला आणि स्वतःचीच टर उडवली. नवऱ्याला ते कधी जमलं नाही. दोघांमधला फरक मला तिथे दिसतो. धैर्याच्या बाबतीत दोघंही कमी नव्हती. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं, तेव्हा हेमिंग्वे उतरण्याच्या होडीतून किनाऱ्यापर्यंत जाऊन परत जहाजावर आला. गेलहॉर्नला परवानगीच नव्हती, तर ती हॉस्पिटल-जहाजाच्या संडासात लपून गेली आणि जखमींना आणायला प्रत्यक्ष वाळूवर उतरली. लग्न त्यानंतर टिकलं नाही.

हेमिंग्वेला युद्धानंतर ब्राँझ स्टार मिळाला, तो फ्रान्समधल्या कामाबद्दल. 'पिलार'च्या गस्तीबद्दल नव्हे. गस्तीचं जे काही केलं ते त्याने लिहिण्यातच केलं, आणि तेही जगापुढे आलं तो गेल्यावर. 'आयलंड्स इन द स्ट्रीम' ही कादंबरी १९७० मध्ये निघाली. तिच्या शेवटच्या भागात एक चित्रकार मोटरबोट घेऊन क्युबाच्या बेटांमधून बुडालेल्या पाणबुडीच्या वाचलेल्या जर्मनांचा माग काढतो. तिथे चकमक आहे, गोळ्या आहेत, रक्त आहे. जे समुद्राने दिलं नाही ते त्याने कागदावर घेतलं. मला ते पुस्तक काही ठिकाणी फार आवडतं: बोट वाळूत रुतते ते, रात्री डेकवर झोप लागत नाही ते. चकमक आली की ते पुस्तक मला उसनं वाटू लागतं.

खरी गस्त मला दुसरीकडे सापडते, १९५२ च्या त्या लहानशा पुस्तकात. त्यातला म्हातारा सुरुवातीलाच चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला आहे. रोज पहाटे जायचं आणि रोज रिकामं यायचं, आणि जेट्टीवरच्या काहींनी हसायचं तर काहींनी नजर चुकवायची. हे लिहिणाऱ्याने मार्लिन शेकड्यांनी मारले होते; मासेमारीत तो रिकाम्या हातांनी परतणाऱ्यांपैकी नव्हताच. रिकामं परतणं तो शिकला असेल तर त्या दोन वर्षांत, असा माझा तर्क आहे. सिद्ध करता येणार नाही. पु. लं.नी शीर्षकात धरलेला कोळी हा शब्द या दृष्टीने फार नेमका आहे: जाळं टाकणारा माणूस, आणि शाळेच्या कवितेतला, पडूनही पुन्हा वर चढणारा किडाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरचा 'कुबेर' हा ट्रॉलर पळवून, त्याच्या तांडेलाला मारून, दहा जण मुंबईच्या तोंडाशी आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या कोळीवाड्यालगत उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. ती बातमी आली त्या आठवड्यात मी मामाला फोन केला होता. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं ते हल्ल्याबद्दल नव्हे, 'कुबेर'बद्दल: एवढ्या लांबून दुसऱ्या राज्याचा ट्रॉलर वर चढत आला, तर वाटेत त्याचं इंजिन कुणी ऐकलंच नसेल का? मग स्वतःच म्हणाला, ऐकलं असेल, पण गुजरातचे ट्रॉलर येतातच की इकडे मासे मारायला. त्यालाही आपलंच म्हणाले असतील.

मामाचा ट्रॉलर त्यानंतर दोन वर्षांनी मोडीत गेला. इंजिन काढून विकलं, लाकूड खाडीच्या चिखलात काही पावसाळे दिसत होतं. 'पिलार' मात्र आहे. हेमिंग्वेने ती फुएंतेसला दिली होती आणि त्याने क्युबाच्या सरकारला दिली. तो स्वतः २००२ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी गेला. बोट आता हवानाजवळच्या हेमिंग्वेच्या घराच्या आवारात, जिथे पूर्वी टेनिस कोर्ट होतं तिथे, छपराखाली उभी आहे. मी ती फोटोतच पाहिली आहे. भोवती फिरायला लाकडी वाट केली आहे, लोक कठड्याला टेकून तिच्यात डोकावतात. मागच्या फळीवरचा तो रूळ अजून जागेवर आहे.